निळ्या काठाचं पांघरूण

सोमवार, ४

आज संघाचा ठसा तयार केला. वस्तू अगदी साधी आहे. बाटलीचं बूच घेतलं, माझ्या शिलाईच्या डब्यातल्या टाचण्या डोकी उडवून त्यात गोलाकार रोवल्या आणि मधोमध एक. वेलीवरच्या हिरव्या शेंगेला हलकेच टोचलं की ठिपक्यांचं फूल उमटतं. ती शेंग पुढे गरम पाण्यातून काढा, पांघरुणात गुंडाळून घाम काढा, उन्हात वाळवून काळी करा, ठिपके जात नाहीत. व्हॅनिलाचा चोर पकडतात तो असाच.

आजवर ज्याचा त्याचा ठसा वेगळा होता. कुणाचा त्रिकोण, कुणाच्या दोन रेघा, पहिलवानाचा नुसताच एक खड्डा, कारण ओळीत टोचण्याएवढा त्याला धीर नाही. (पहिलवान म्हणजे आमच्या गावातला सर्वांत हडकुळा माणूस. दीड वार कापडात शर्ट होतो त्याचा.) मी सभेत म्हणालो, आता माल एकत्र, भाव एक, मग ठसे वेगळे कशाला? सगळ्यांचा एकच करू. टाळ्या पडल्या. शिंप्याला टाळ्या कोण देतो? त्याला 'बाही आखूड झाली' एवढंच ऐकायची सवय.

घरी येऊन हिला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे आता कुणाची शेंग कुठली, ओळखणार कसं?"

"अगं, ओळखायचीच कशाला? सगळ्या आपल्याच."

ही भांडी घासत राहिली.

मी अध्यक्ष कसा झालो तेही लिहून ठेवतो. संघाच्या चिटणीस मास्तरीणबाई. त्यांनी विचारलं, कोण होतंय अध्यक्ष? सगळे पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले. नेमका मी शिंकलो. शिंक म्हणजे होकार, असं पहिलवानाने जाहीर केलं आणि झालं.

आमचा माल घेणार आहेत ते फेअर ट्रेडवाले. आम्ही त्यांना रास्तवाले म्हणतो. भाव रास्त, तोही आधी ठरवून, वर गावासाठी थोडं वेगळं, त्यातून नर्सबाईंसाठी खोली बांधायची आहे. त्यांच्या अटी दोन. शेंग वेलीवर पूर्ण पिकलेली हवी आणि कबूल केलेलं वजन भरायला हवं. म्हणून आमचा नियम असा की कोवळी शेंग कुणी तोडायची नाही आणि घरी कुणी शिजवायची नाही. ठरल्या दिवशी सगळ्यांनी तोडायची, शेडमध्ये एकत्र वाळवायची. हा पहिला माल नीट गेला तर पुढची वर्षं करार. नाही गेला तर पुन्हा दलालाचं दार, आणि तो तर आता डूख धरून बसलाय.

मला भीती वाटते. सभेत सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

शुक्रवार, १७

दोन महिने वहीला हात लावला नाही. शेंगा भरत होत्या, मी सुखात होतो. सुखात कोण लिहितं?

आज दलाल दुकानात आला. बटण तुटलंय म्हणाला. शर्ट अंगातच ठेवून मान वर करून उभा राहिला आणि मी त्याच्या गळ्याशी सुई घेऊन. त्यातही घाम मलाच फुटला होता.

"टेकडीपलीकडं काय झालं ऐकलं का, दादा?" तो म्हणाला. "रातोरात वेली भादरल्या. एका म्हाताऱ्याने आडवं यायचा प्रयत्न केला, तर त्याचे हात मोडून टाकले."

"कुणी?"

"चोरांनी. मला तर बाबा तुमचीच काळजी वाटते. आता तुमचा ठसाही एकच. माल गेला तर कुणाचा गेला, कळायचंसुद्धा नाही. कुणाला फारच धास्ती वाटली तर सांगा. कोवळ्या असल्या तरी मी घेतो. आपला स्वभावच तसा, काय करणार."

मला दुसऱ्यांदा सुई ओवताच येईना. त्याने ती माझ्या हातातून घेतली, स्वतः ओवून दिली आणि हसला. बाहेर पडला तो थेट तिठ्यावर, झाडाखाली आपल्या जीपमध्ये जाऊन बसला. काही करत नव्हता, नुसता बसला होता.

मी दुकान बंद केलं आणि घरोघरी जाऊन सगळ्यांना सावध केलं. म्हाताऱ्याच्या हातांचंही सांगितलं. अध्यक्ष म्हणून ते माझं कामच आहे. पहिलवानाच्या आईला सांगताना मलाच रडू आलं, मग तिने मला पाणी दिलं.

मंगळवार, २१

झालीच चोरी. पहिलवानाच्या वरच्या वाफ्यातल्या वेली साफ.

सगळे पाहायला गेलो. चोर मोठा सराईत असावा. एक पान चुरगळलेलं नाही, एक वेल तुटलेली नाही. देठ कात्रीने कापावेत तसे सरळ. पहिलवानाचा कुत्रा दारातून कुणाला जिवंत जाऊ देत नाही, तो म्हणे भुंकलासुद्धा नाही. मी म्हणालो, गुंगीचं औषध दिलं असणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुत्रा मात्र ताजातवाना होता, माझ्या धोतराच्या मागे लागला.

पहिलवान रडत नव्हता. खाली बघत होता. धक्का बसला की माणूस असा होतो.

गस्त ठरली. तिचा पुढारी पहिलवानच. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शनिवार, २५

आज धारवाला आला. सायकलच्या मागच्या चाकाला पट्टा, पट्ट्याला सहाण, आणि गावभरच्या सुऱ्या-कात्र्या त्याच्यापुढे रांगेत. इतकी वर्षं त्या सहाणेच्या किरकिरीत घालवून त्याचे कान गेलेत. निम्मं ऐकतो, उरलेलं मनाचं घालतो.

"टेलरमास्तर, कात्री बोथट झाली नाही तुमची, तुम्हीच झालात!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. मग चाळीस वर्षांचं हसू.

मी म्हणालो, "चोऱ्या होतायत, जपून जात जा."

"दाढी? दाढी करतो की, रविवारी."

हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

या खेपेला त्याच्याकडे कात्र्यांना धार लावायला फारच गर्दी. आणि तो वरच्या वाड्या करून दहा दिवसांनी शहराला जाणार म्हटल्यावर सगळ्यांना तिथल्या नातेवाइकांची आठवण येतेय. पहिलवानाच्या आईने भाच्यासाठी गाठोडं दिलं. संघातल्या सोडावाल्याच्या बायकोने बहिणीसाठी दिलं. हिनेही आमचं निळ्या काठाचं पांघरूण मुलीसाठी त्याच्याबरोबर पाठवलं, वसतिगृहात थंडी फार म्हणून. तो काठ मीच शिवलाय, मुलीच्या शाळेच्या रिबिनी जोडून. गाठोडं जरा जाडच वाटलं. ही म्हणाली, घडी नीट बसली नाही. शिंप्याच्या घरात घडी बसत नाही म्हणजे बघा.

आता घरात एकच पांघरूण, तेही ट्रंकेत. हिला म्हटलं काढ, तर म्हणाली त्याला कसर लागलीय, ऊन दाखवायचंय. आम्ही सतरंजी घेऊन झोपतो.

आणखी एक. मला घरात वास येतो. व्हॅनिलाचा. आत्ताच कसा येईल? वेलीवरच्या शेंगेला गवताइतकाही वास नसतो. पाणी, घाम, ऊन सगळं झाल्यावर तो सुटतो. मी उशी हुंगली, भिंत हुंगली. ही म्हणाली, "तुमच्या डोक्यात दुसरं काही नाही, म्हणून नाकातही तेच." खरं असेल. भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

बुधवार, २९

काय लिहू? आमच्याही वेली गेल्या.

ही पहाटे ओढ्याकडच्या वाफ्यात गेली होती. परत येऊन दारातच उभी राहिली. "अहो, गेलं सगळं," एवढंच म्हणाली.

मी तिथेच बसून लहान पोरासारखा रडलो. प्रत्येक फूल आम्ही दोघांनी हाताने लावलं होतं, काडीने पराग उचलून, सकाळी सकाळी, फूल मिटायच्या आत. ही काडी लावायची आणि मी फांदी धरायचो. ती शेजारी बसली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काही तरी सांगणार असं वाटलं. पण मीच बोलत राहिलो. संघ बुडणार, आपण बुडणार, लोक मला विचारणार. शेवटी ती उठून गेली.

कापणी तशीच, कात्रीची. म्हणजे चोर एकच आहे.

शुक्रवार, १

सभा. मी उभा राहून आमच्या चोरीचं सांगितलं. अध्यक्षाच्या घरी हात घालतात म्हटल्यावर सगळ्यांची पाचावर धारण बसली. दोघांनी आणखी चोऱ्या झाल्याचं सांगितलं. मग सोडावाला उठला. म्हणाला, तोडून टाकू सगळं आत्ताच, निम्मं तरी हाती लागेल.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "कोवळ्या शेंगा रास्तवाले घेणार नाहीत. दहा दिवस धीर धरा."

"बाई, तुम्हाला वेली नाहीत. तुम्हाला धीर धरायला काय जातंय?"

मी म्हणालो, तोडणीचा दिवस बदलायचा नाही. माझा आवाज माझ्याच कानाला शेळीसारखा लागला. पण कुणी विरोध केला नाही. उलट इतक्या पटकन मानलं की मला नवल वाटलं.

मग मी सुचवलं, पोलिसांना कळवू. त्यावर मात्र एकदम कल्ला. संघाची अब्रू जाईल, चौकीवाले घराघरात शिरून झडत्या घेतील, बायकामाणसांना त्रास. पहिलवान म्हणाला, "आमचं आम्ही बघतो." लोकांना संघाच्या अब्रूची इतकी काळजी आहे हे मला माहीत नव्हतं. बरं वाटलं.

तिठ्यावरची जीप तीन-चार दिवस दिसत नाही. दलाल शहरातच असतो म्हणे, गोदामात, फार कामात. ती दिसायची तेव्हा भीती वाटायची, आता दिसत नाही त्याची जास्त वाटते.

रविवार, ३

गस्तीवाल्यांच्या हातात आता काठ्या नाहीत, गज आहेत. पहिलवानाने नियम केला: अंधारात कुणी दिसलं की तीनदा हाक मारायची. ओ दिली नाही तर तो चोर. माझी परवानगी हवी होती. दिली. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण सगळे माझ्याकडे बघत होते.

वास अजून येतो. आता मला तो सोडावाल्याच्या दुकानातही येतो, पहिलवानाच्या आईच्या पदरालाही येतो. हिला सांगितलं नाही. वेड लागलं म्हणेल.

मंगळवार, ५

चोर पकडला.

सकाळी आरडाओरड्यानेच जागा झालो. शेडपुढे गर्दी. मध्ये सायकल आडवी, सहाण फुटलेली. आणि धारवाला.

वाड्यांवरून परतून तो पहाटे निघाला होता, गाठोडी घेऊन, उन्हाच्या आत शहर गाठायला. गस्तीने तीनदा हाक मारली. त्याला काय ऐकू येणार? गाठोड्यांत शेंगा निघाल्या, अर्ध्याकच्च्या वाळवलेल्या, सगळ्यांवर आमच्या ठशाचं फूल.

त्याचा एक डोळा पार मिटलाय. हात कोपरातून भलतीकडे वळलाय. श्वास घेतला की आत काही तरी वाजतं. मी शेडच्या पायरीवर बसलो.

"कुणाचा माल?" पहिलवान ओरडत होता. आणि विचारून उत्तराला जागाच देत नव्हता, लगेच मारत होता. इतका हडकुळा माणूस, एवढं बळ आणतो कुठून? सोडावालाही पुढे. ज्यांच्या ज्यांच्या घरी चोरी झाली ते सगळे पुढे. राग येणारच, माणूस आहे.

धारवाला एवढंच म्हणाला, "मी नेणारा. कुणाचं ते सांगायचं नसतं."

मास्तरीणबाई मध्ये पडल्या, म्हणून हात थांबले. त्याला शेडमध्ये खाटेवर टाकलं आणि किल्ली पहिलवानाने घेतली. मी म्हणालो, दवाखान्यात नेऊ. कुणी हो म्हणेना. बरा झाला की पळेल, म्हणाले. तिथे भलतंसलतं बरळेल, म्हणाले. बरळू दे की, त्यानेच टोळी सापडेल, असं मी म्हटलं, तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी दोन पावलं मागे सरलो.

मला या लोकांची भीती वाटते. मी त्यांचे कपडे शिवलेत, त्यांच्या छातीची मापं मला पाठ आहेत, आणि मला त्यांची भीती वाटते. तो म्हातारा त्या शेडमधून जिवंत बाहेर येणार नाही असं मला वाटतं.

घरी आलो तर ही चुलीपुढे बसलेली, चूल विझलेली. "आहे का तो?" तिने विचारलं. आहे म्हणालो. तिने हात जोडले.

बुधवार, ६

दुपारी पाणी पाजायच्या निमित्ताने आत गेलो. पहिलवान दारात उभा.

धारवाल्याच्या घशाखाली पाणी उतरेना. ओठ ओले केले. अंग तापलेलं आणि थरथरत होता. अंगावर घालायला काही मिळतं का म्हणून कोपऱ्यातली गाठोडी चाळली. शेंगा ज्यात बांधल्या होत्या ती पांघरुणंच होती. एकाला दुहेरी दुमड, आडवा टाका. ही शिलाई माझी. पहिलवानाच्या आईसाठी घातलेली. मनात म्हटलं, बघा, चोराने पांघरूणसुद्धा सोडलं नाही. दुसऱ्याला पिवळा दोरा, कारण त्या दिवशी माझ्याकडे पांढरा नव्हता. ते सोडावाल्याचं. आता याच्याकडे सोडावाल्याचंही पांघरूण कसं, असा विचार करत मी तिसरं उचललं.

निळा काठ. शाळेच्या रिबिनींचा.

पहिलवान दारातून बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं तर त्याने मान फिरवली. त्याच्या हातातली किल्ली वाजत होती.

"दादा," तो हळूच म्हणाला, "याने तोंड उघडलं तर?"

मी गाठोडं पुन्हा बांधलं. घरी आलो.

"अगं, निळं पांघरूण पोचलं का मुलीला?"

"पोचलं असेल."

"ते शेडमध्ये आहे."

ती उभी होती, खाली बसली. मग सगळं बोलली. एकदाही रडली नाही. "संघ बुडणार, संघ बुडणार असं तुम्ही रोज म्हणत होता. झोपेतसुद्धा. तुमची भीती बघून मला भीती वाटायला लागली. म्हटलं, बुडालाच तर हातात काही तरी असावं. पहिलवानाची आईच म्हणाली, चोरीच्या आधी आपणच तोडू, शहरात दलाल कोवळ्याही घेतो. सगळ्याच करतायत."

"सगळ्या म्हणजे?"

"मास्तरीणबाई सोडून. त्यांना वेलीच नाहीत."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसलो असतो.

"मग त्या दिवशी आपल्याकडची चोरी?"

"आधी पानाआडच्या थोड्याच काढल्या होत्या; सगळ्या तोडल्यावर लपवणार कसं, तुम्ही रोज वेली बघायला जायचात. मी काय सांगणार होते? तुम्ही रडायला लागलात तेव्हा सांगणार होते. तुम्ही बोलायचं थांबलाच नाहीत."

म्हणजे चोर नव्हताच. दलालाने एका बटणाच्या मोबदल्यात भीती दिली आणि ती मी घरोघर वाटली, म्हाताऱ्याच्या मोडलेल्या हातांसकट. आता खरोखरच एका म्हाताऱ्याचा हात मोडलाय. मला माझीच लाज वाटली.

उभं राहून सगळं सांगावं, तर पहिल्यांदा हिचं नाव येणार. नाही सांगावं, तर धारवाला मरणार. शेवटी भित्र्या माणसाला सुचते तशीच युक्ती सुचली. मास्तरीणबाईंना सगळं सांगून संध्याकाळच्या गाडीने पाठवलं, सकाळी दवाखान्याची गाडी घेऊन या म्हटलं. बाईंनी एक प्रश्न विचारला नाही, फक्त माझ्याकडे इतकं रोखून पाहिलं की तेच पुष्कळ होतं. मग गावात फिरून निरोप दिला: सकाळी सगळ्यांनी शेडपाशी यायचं, धारवाल्याला हुडहुडी भरलीय, प्रत्येक घरातून एकेक पांघरूण आणायचं.

मनात म्हटलं, मी कुणाचं नाव घ्यायला नको. पांघरुणं स्वतःच बोलतील. तो वास काही झटकून जात नाही.

गुरुवार, ७

सकाळी धुक्यातून शेडकडे निघालो. पहिलं पाहिलं ते सोडावाल्याचं कुंपण. त्यावर पांघरूण. ओलं, टपटप गळणारं. पुढच्या घरी दोन. त्याच्या पुढे दोरीवर, दगडावर, पेरूच्या फांदीवर, पहिलवानाच्या दारातल्या खाटेवर. ऊन नाही, वारा नाही, अशा हवेत कुणी रुमालसुद्धा धूत नाही. अख्खा गाव धुऊन वाळत घातला होता. आणि सगळीकडे साबणाचा वास, त्याखाली तो दुसराही.

कुणी दारात नव्हतं. सगळे शेडपाशी, रिकाम्या हातांनी.

दवाखान्याची गाडी आलेली, मास्तरीणबाई तिच्या पायरीवर उभ्या. पण गाडी आणि दार यांच्या मध्ये माणसं. पहिलवान दाराला पाठ लावून. कुणी शिव्या देत नव्हतं, ओरडत नव्हतं. नुसते उभे होते, बाजूला होत नव्हते. तेच जास्त भयंकर होतं.

"आणली का पांघरुणं?" मी विचारलं.

"धुतलीत, दादा," सोडावाला म्हणाला. "मळली होती."

कुणी वर बघेना. मला पुढचं वाक्य माहीत होतं. रात्रीतून शंभरदा घोकलं होतं. ते तोंडातून येईना.

मग गर्दी मागून बाजूला झाली. ही येत होती. हातात ट्रंकेतलं पांघरूण, धुतलेलं नाही, झटकलेलंसुद्धा नाही, घड्यांत शेंगांचे तपकिरी डाग. ती माझ्याजवळून गेली, माझ्याकडे न बघता. तिच्यापाठोपाठ तो वास. पिकण्याआधी तोडलेल्या शेंगेचा, जरासा आंबूस. तिथल्या प्रत्येकाला तो ओळखीचा होता. आपापल्या घरात रोज घेत होते.

पहिलवानासमोर ती उभी राहिली. "सरक," म्हणाली. तो सरकला.

मी तिच्यामागून आत गेलो. तिने पांघरूण धारवाल्याच्या अंगावर घातलं, गळ्यापर्यंत, कडेने खोचलं. त्याने चांगला डोळा उघडला. चांगल्या हाताने काठ चाचपला. नाक फुगवून वास घेतला. तापाने त्याला काय दिसत होतं कोण जाणे, पण हसला तो, चाळीस वर्षांचं तेच हसू.

"ताई," तो म्हणाला, आणि बहिऱ्या माणसाचा आवाज नेहमी मोठाच असतो, बाहेर शेवटच्या माणसापर्यंत गेला, "हे पण शहरात पोचवायचं का?"

हिने तोंडावर पदर घेतला. मी दाराकडे वळलो आणि आता ते वाक्य आलं. "यात आमच्या घरचा माल होता," मी म्हणालो. "चोर कुणी नाही." पहिलवान आत आला आणि त्याने खाटेचा एक पाय धरला. दुसरा मी धरला. माझ्या हाताला त्याचा हात लागला, बर्फासारखा गार होता. सोडावाला आला, आणखी दोघे आले.

मास्तरीणबाईंचा आत्ता निरोप आला. बरगड्या मोडल्यात, हात बसवला, जगेल बहुतेक. डॉक्टरांनी विचारलं, कुणी मारलं? तो म्हणाला, "ऐकू येत नाही."

तपासणीबाई उद्या येणार, रास्तवाल्यांच्या. वजन भरणार नाही. किती भरणार नाही आणि का, ते मला सांगायचंय, आमच्या घरापासून सुरुवात करून. करार राहील असं वाटत नाही. सोडावाला मघाशी येऊन गेला, म्हणाला, मीही येतो बोलायला. पहिलवान आला, पण दारातूनच परत गेला.

ही शेजारी बसली आहे. सतरंजी दोघांत पुरत नाही. बाहेर धुकं तसंच आहे, आणि आज गावात कुणाकडेच कोरडं पांघरूण नाही.